अध्यक्षाची घंटा

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीपूर्वी, इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही नागझिऱ्यास गेलो होतो. हे अरण्य 1970 साली अभयारण्य ठरले व 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले, इतके भूगोलाच्या तासाला सांगून झालेच होते. चोरखमारा फाटकावर नियमांची पाटी होती: गाडीतून उतरू नये, मोठ्याने बोलू नये, काही टाकू नये. मुलांनी ती वहीत उतरून घेतली. आत गेल्यावर रानगव्याची एक मादी वासरासह वाटेशेजारी उभी दिसली. वाटाड्याने गाडी दूरच थांबविली, व थोड्या वेळाने मागे घ्यावयास सांगितले. एका मुलाने विचारले, “किती अंतरावर थांबायचे, हे पाटीवर कोठे आहे?” वाटाड्या म्हणाला, “ते पाटीवर नाही. ती आपल्याकडे कशी पाहते, ते पाहायचे.”

हे वाक्य आम्हांस फार आवडले. परंतु त्याच सायंकाळी आम्हीच ते विसरलो, ही गोष्ट सांगण्यासाठी हा लेख.

मुक्काम अरण्याबाहेरच्या एका गावी होता. जेवणापूर्वी तेथील शाळेच्या ओसरीवर आमच्या चर्चामंडळाची सभा भरली. मंडळाचे नियम विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहेत: आपल्या पाळीनेच बोलावे, कोणास वैयक्तिक उद्देशून बोलू नये, विषय सोडू नये. नियम मोडल्यास अध्यक्षाने घंटा वाजवावी. अध्यक्ष अर्थातच आम्ही. विषय होता, ‘वनरक्षणार्थ गुरेचराई बंद असावी काय?’

पहिला वक्ता आमच्या शाळेचा वक्तृत्वातील मानकरी. तो गोड व ठाशीव वाणीने म्हणाला की, रानाकडेचे लोक मूळचेच आळशी. वाघाने गुरे मारल्यास सरकार भरपाई देते, म्हणून ते जनावरे मुद्दाम रानात सोडतात. त्याने कोणाचे नाव घेतले नाही, वेळही पाळली. आम्ही मान डोलाविली.

तोच मागच्या रांगेतून एक मुलगा उठला. त्याचे घर रानाच्या काठी आहे. पाळी नसता, भाषणाची भाषा सोडून, घरच्या झाडीबोलीत तो त्या वक्त्यास तू-तू करून बोलू लागला. आणि बोलता बोलता स्वतःच्या गाईवर आला. काही मुले हसली. तीन नियम एका दमात मोडले होते. आम्ही घंटा वाजविली. तो खाली बसला. इतिवृत्तात आम्ही चिटणिसास सांगून लिहविले, ‘एक विद्यार्थी विषय सोडून बोलल्यामुळे अध्यक्षांनी त्यास थांबविले,’ व खाली सही केली.

रात्री झोप येईना. विद्यार्थिमित्रहो, सन 1857 च्या आरंभी मुंबईस समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी व ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वादविवाद झाले होते. जॉर्ज बोवेन या मिशनरी गृहस्थांनी त्यांचा वृत्तांत त्याच साली इंग्रजीत छापला. ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने बावांच्या बाजूचे मराठी पुस्तक निघावयास 1872 साल उजाडले. आम्ही मिशनच्या कॉलेजात शिकलो. तेथे आम्हांस पहिल्या पुस्तकाचे नाव कळले, दुसऱ्याचे पुष्कळ वर्षांनी. तेव्हा आम्ही मनाशी म्हटले होते की, सभेचा वृत्तांत एकाच बाजूच्या हाती असू नये. आणि आता? घंटा आमची, लेखणीही आमचीच.

सकाळी त्या मुलास बाजूला बोलाविले. पुष्कळ वेळ तो काहीच बोलेना. मग म्हणाला, “सर, भरपाई आली. पण आई संध्याकाळी गाईला हाक मारायची. ते कोठे लिहायचे?”

आम्ही इतिवृत्ताची वही त्याच्यापुढे ठेविली. आमच्या नोंदीखाली त्याने दीड पान लिहिले, आपल्या बोलीत. तांबडी पेन्सिल आमच्या हाती होती, व शिक्षकाच्या हातास ती सवय जडलेली असते. तरी एक अक्षर बदलले नाही. वरच्या नोंदीतील ‘विषय सोडून’ हे शब्द मात्र आम्ही सर्वांदेखत खोडले, कारण तो विषयावरच बोलत होता. विषय सुटला होता तो आमचा.

आमचे एक सहकारी म्हणाले, “अशाने उद्या जो तो रागाने उठेल आणि वही मागेल.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. नियम आम्ही काढलेले नाहीत, घंटाही मेजावर आहे. ओरडून दुसऱ्याचे बोलणे बुडविणाऱ्यास आम्ही पुढेही थांबवू.

शाळेत परतल्यावर पहिल्या वक्त्यानेही वही मागितली. ती दिली. त्याने अर्धे पान लिहिले. त्यातील एक वाक्य त्या मुलाच्या आईविषयी होते, ते आम्ही गाळले. का गाळले ते त्यास सभेपुढे सांगितले, व ‘येथे अध्यक्षांनी एक वाक्य गाळले आहे’ अशी नोंद समासात केली. तो अद्याप आमच्यावर किंचित रुसलेला आहे.