रिकाम्या पेल्याचा वास

रात्री विसळायचा राहून गेलेला काचेचा पेला सकाळी टेबलावर तसाच असतो. तळाशी वाळलेला एक फिकट सोनेरी ठिपका, बाकी काही नाही. पण तो उचलून नाकाशी धरला आणि डोळे मिटले, की रात्री भरल्या पेल्यात जे सापडलं नव्हतं ते हलकेच समोर येतं. मद्यार्काचा झणका उडून गेलेला असतो आणि मागे राहतं लाकूड, राख, थोडा मध, फडताळात वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या पुस्तकांसारखं काहीतरी. व्हिस्कीचा नाद लागून मला आता बारा वर्षं झाली, आणि या नादातला सगळ्यात आवडता क्षण कोणता असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन, ज्यात प्यायला काहीच उरलेलं नसतं.

नाद लागला तोही उशिरा, सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी आमच्या घरात दारूचा वास म्हणजे धाकटे काका रात्री कडी वाजवत तेव्हा अंगणातून आत येणारा वास. आमचं गाव कोल्हापूरकडचं, साखर कारखान्यापासून दोन कोसांवर. वारा तिकडून वाहू लागला की मळीचा आंबूस-गोड दर्प थेट चुलीपर्यंत यायचा, आणि काकांच्या श्वासाचा वास त्या मळीचा सख्खा भाऊ वाटायचा. पुढे कळलं की तो नुसता भास नव्हता. आपल्याकडे व्हिस्की या नावानं विकली जाणारी बरीचशी दारू धान्याऐवजी मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभी असते, आणि युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताही येत नाही. काका गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. काकूंनी त्यानंतरची तीस वर्षं शिवणयंत्रावर काढली. त्यामुळे या पेयाविषयी प्रेमानं लिहिताना हात आजही जरा अडखळतो, आणि तो अडखळावा असंच मला वाटतं. आग्रह मी कुणालाच करत नाही, आणि ज्या घरानं सोसलंय त्या घरातल्या माणसापुढे पेला ठेवतसुद्धा नाही.

मग एका मित्रानं, स्कॉटलंडहून परतल्यावर, लॅगावुलिनची बाटली उघडली आणि म्हणाला, नुसता वास घे, पिऊ नकोस. मी वास घेतला आणि क्षणात आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन उभा राहिलो: फिनेलनं पुसलेली शहाबादी फरशी, टिंक्चरची तपकिरी बाटली, कंपाउंडरच्या हातातला कापसाचा बोळा, आणि माझ्या सोललेल्या गुडघ्यावर फुंकर घालणारी आई. चाळीस वर्षांत त्या खोलीची एकदाही आठवण झाली नव्हती. ती एका पेल्यातून, कडीसुद्धा न वाजवता, बाहेर आली होती.

याला कारणही आहे, आणि ते कळल्यावर माझा आनंद कमी न होता वाढला. लॅगावुलिन येते ती आयलाहून, आणि आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं वाऱ्यावादळाचं बेट. झाडं मोजकी, म्हणून जळण पीटचं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबत, अर्धवट कुजत गेलेली शेवाळं आणि गवतं. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे वीतभर खोल फावडं घातलं की माणूस दोनशे वर्षं खाली उतरलेला असतो. या पीटच्या धुरात फिनॉलच्या कुळातली द्रव्यं असतात, आणि 1865 साली ग्लासगोच्या रुग्णालयात जोसेफ लिस्टरनं जखमा चिघळू नयेत म्हणून जे कार्बोलिक आम्ल वापरलं, ते म्हणजेच फिनॉल. दवाखान्याचा वास आणि त्या बेटावरच्या धुराचा वास हे एकाच घराण्यातले. माझ्या नाकाला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण नातं त्यानं अचूक ओळखलं.

धूर व्हिस्कीत शिरतो कसा, हे समजायला मला आमच्या स्वयंपाकघरातूनच जावं लागलं. जव भिजत घालायचे, उपसून जमिनीवर पसरायचे, मोड येऊ द्यायचे. मोड येताना दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात. मग कोंब फार वाढायच्या आत ऊब देऊन ते धान्य वाळवायचं; त्यालाच माल्ट म्हणतात. नाचणीचं सत्त्व करताना आई हेच करायची. रात्रभर भिजवलेली नाचणी पंच्यात बांधून ठेवायची, मोड आले की सावलीत वाळवायची, दळून वस्त्रगाळ करायची. फरक इतकाच की आयलावर वाळवणाऱ्या उबेबरोबर पीटचा धूरही दाण्यात शिरतो आणि मग जात नाही. दळण, आंबवण, तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून दोनदा ऊर्ध्वपातन, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुक्काम, या सगळ्यातून तो टिकून राहतो. तांब्याच्या भांड्यातून जे बाहेर पडतं ते पाण्यासारखं नितळ असतं. पिवळा, सोनेरी, तांबूस असे व्हिस्कीचे जे रंग आपण कौतुकानं उजेडात धरून पाहतो, ते बहुतेक लाकडाचं देणं; आणि स्कॉच म्हणवून घ्यायचं तर या लाकडापाशी निदान तीन वर्षं बसावं लागतं, असा तिथला कायदाच आहे.

सुरुवातीला मी जाणकारांची वर्णनं वाचून वास शोधायचो. त्यात हेदरची फुलं असायची, नाताळचा केक असायचा, समुद्रकाठी वाळत घातलेल्या दोरांचा वास असायचा. यातलं मला काही सापडायचं नाही आणि वाटायचं, आपल्या नाकात खोट आहे. पुष्कळ दिवसांनी उमगलं की खोट नाकात नसून शब्दांत आहे. दुसऱ्याच्या आजीच्या घराची किल्ली घेऊन मी माझं कुलूप उघडायला बसलो होतो. मग शंभर पानी वही आणली आणि मराठीत लिहायला लागलो. गुऱ्हाळातली काकवी, कढईच्या कडेला करपलेली. पितळी डब्यातली सुंठ. नव्या खाटेची सुंभाची दोरी. कापूर विझल्यावरचं निरांजन. वही सुरू झाली आणि जणू नाकाला वाचा फुटली. थेंबभर पाणी घातल्यावर वास बदलतो हेही वहीनंच शिकवलं. 2017 मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी गणितं मांडून दाखवलं की पाण्यानं मद्यार्काचं प्रमाण उतरलं की धुराच्या वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू पृष्ठभागाकडे येतो. माझ्या वहीत त्याच गोष्टीची नोंद फक्त एवढी आहे: पाणी घातलं, विझलेली चूल पुन्हा धुमसली.

आईचा विषय मात्र वहीत मावत नाही. ती तेव्हा ब्याऐंशीची होती आणि महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. मी रात्री कपाट बंद करून, ती झोपल्यावर, एकटाच बसायचो. मनात काका असायचे. एका सकाळी उठून पाहतो तर तो विसरलेला पेला तिच्या हातात, नाकाशी. मला जमिनीत जावंसं वाटलं. ती म्हणाली, “शेगडी कुणी लावली होती रे?” आणि मी उत्तर शोधायच्या आतच, पेला न सोडता, सांगायला लागली. मी झालो तेव्हा श्रावण होता, पाऊस आठ-आठ दिवस उघडत नव्हता, लंगोट वाळायचे नाहीत. मग शेगडीवर दुरडी पालथी घालायची आणि तिच्यावर एकेक लंगोट पसरायचा. निखाऱ्यांवर ओवा टाकायचा. सगळ्या कपड्यांना धुराचा वास, तिच्या पदराला, माझ्या जावळाला. “तुझ्या टाळूचा वास असाच यायचा,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “हे तेच ना?” मी हो म्हणालो. “रोज?” नाही, महिन्यातून दोनदा. तिनं पेला हळूच टेबलावर ठेवला. “पुन्हा घेशील तेव्हा लगेच धुऊ नकोस,” एवढंच म्हणाली आणि पूजेची फुलं काढायला गेली.

गेलिक भाषेत व्हिस्कीचं मूळ नाव उश्के बेहा, अर्थ जीवनाचं पाणी. शब्द झिजत झिजत व्हिस्की झाला, आणि झिजण्यात जीवन गळून नुसतं पाणीच उरलं. पण भाषांची कुळं शोधणारे सांगतात की त्यातला उश्के आपल्या उदकाचा दूरचा आप्त आणि बेहा आपल्या जीवाचा. हे प्रथम वाचलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ खिडकीशी बसून होतो. संस्कृतात पाण्यालाच जीवन म्हणतात. देवापुढे उदक सोडताना आपण जो शब्द उच्चारतो त्याची चुलत बहीण उत्तर अटलांटिकच्या काठी, धुक्यात, एका बाटलीच्या नावात लपून बसलेली आहे. बंगळूरच्या जगदाळे कुटुंबानं 1948 साली कारखाना काढला तेव्हा त्याला नाव दिलं अमृत. तेही अर्थानं तिथंच पोचतं. आडनाव आपल्या कानाला ओळखीचं, म्हणून मला त्या घराविषयी थोडी जास्तच माया आहे. त्यांनी 2004 साली आपली सिंगल माल्ट प्रथम नेली ती ग्लासगोत, म्हणजे जिथं सगळ्यात सहज नाकारली गेली असती अशा ठिकाणी. या धैर्यापुढे मी मान लववतो.

पिंपातली व्हिस्की लाकडाच्या रंध्रांतून दर वर्षी थोडी हवेत उडून जाते. स्कॉटलंडमध्ये ती दोन टक्क्यांच्या आसपास. तिथले लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या उन्हात हाच वाटा वर्षाला दहा टक्क्यांच्या घरात जातो, म्हणून इथली माल्ट चार-पाच वर्षांतच पिकते आणि फार काळ ठेवली तर पिंपच रितं होतं. अमृतनं आठ वर्षं जपलेल्या एका व्हिस्कीचं नावच लोभी देवदूत या अर्थाचं ठेवलं. मला मात्र ते देवदूत लोभी वाटत नाहीत. जेवायला बसण्याआधी वडील ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती ठेवायचे, भाताची चार-पाच शितं, कुणासाठी ते न विचारता. काही भाग दिल्यावाचून घास आपला होत नाही, असं काहीतरी त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

माझ्या बाटल्यांचंही आताशा तसंच झालंय. बाटली अर्ध्यावर आली की मी होमिओपॅथीच्या औषधासारख्या छोट्या बाटल्या घेतो, प्रत्येकीत तीस मिलिलिटर, आणि चार-पाच मित्रांकडे पोचवतो. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, वय लिहायचं नाही, किंमत तर नाहीच. त्यांनी वास घ्यायचा आणि फोन करायचा. साताऱ्याच्या मित्राला एकदा आयलाच्याच धुरात घोंगडीचा वास आला, पावसात भिजलेल्या. रत्नागिरीच्या बाईंना त्याच बाटलीत सुक्या मासळीची वखार सापडली आणि त्या वडिलांविषयी तासभर बोलल्या. आई जाऊन आता तीन वर्षं झाली. लॅगावुलिनपुढे माझ्या वहीत पूर्वी दवाखाना असं लिहिलेलं होतं. त्याखाली आता दुरडी असं लिहिलंय. दोन्ही खरं आहे.

गेल्या आठवड्यात एक छोटी बाटली गडचिरोलीकडच्या मित्राला गेली. गोव्यात, कुंकळ्ळीला गाळलेली, स्पॅनिश शेरीच्या पिंपातून आलेली. माझ्या वहीत तिच्यापुढे मनुका आणि चिंचेचा गोळा असं आहे, आणि ते मला कधीच पुरेसं वाटलं नव्हतं. काल रात्री त्याचा फोन आला. आधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “आमच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातलीत. तिसऱ्या दिवसाची.” मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मोहाच्या फुलांचा वास मी आजवर घेतलेला नाही. मार्च सरत आला की ती पडायला लागतात, तो सांगत होता, आणि वेचायला पहाटे जावं लागतं, ऊन चढायच्या आत.