मौर्यांचा लाकडी तट

पाटलीपुत्राचा तट लाकडी होता, ही गोष्ट मी बरीच वर्षं मौर्यांच्या खात्यावर उणे म्हणूनच मांडत होतो. चंद्रगुप्ताचं राज्य केवढं, आणि राजधानीभोवती काय, तर ओंडके! सह्याद्रीतले किल्ले बघत वाढलेल्या माणसाला तट म्हटलं की काळा पाषाणच आठवतो. डोंगराचा खडक तासायचा आणि त्याच्याच चिऱ्यांनी बुरूज उभारायचा. त्यापुढे लाकडी तट मला शेताच्या कुंपणासारखा वाटे. शिवाय कौटिल्याचं अर्थशास्त्रही माझ्याच बाजूचं. तट लाकडाचा करू नये, लाकडात अग्नी वसतो, असं ते बजावतं.

चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या ग्रीक मेगॅस्थिनीसच्या आकड्यांवर तर माझा काडीचाही विश्वास नव्हता. शहर 80 स्टेडिया लांब, 15 रुंद. तटाला 570 बुरूज आणि 64 दरवाजे. परदेशी वकिलाने मायदेशी परतून मारलेल्या बाता, असं मी खुशाल म्हणत असे.

माझं मत हललं ते या आकड्यांमुळेच. लांबी-रुंदीवरून परीघ काढला तर तो 190 स्टेडिया, म्हणजे सुमारे 34 किलोमीटर भरतो. 570 बुरूज त्यावर वाटले की दर स्टेडियाला नेमके तीन येतात. दोहोंमध्ये साधारण 60 मीटर. अर्थशास्त्र बुरुजाबुरुजांत 30 दंडांचं अंतर सांगतं, ते 54 मीटरच्या आसपास जातं. डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाने हा मेळ दाखवला आहे. शेजारच्या दोन बुरुजांवरून सुटलेले बाण मधल्या सगळ्या तटाला कवेत घेतील, असं हे माप आहे. शहराची लांबी-रुंदी थोडी फुगवलेली असेलही. पण बाता मारणाऱ्याच्या हातून असा हिशेब सहसा जुळत नाही. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, की या तटाला बाण सोडायला भोकं होती. आपल्या जंग्याच त्या. बाहेरच्या खंदकातून शहराचं सांडपाणीही वाहत असे.

मग लाकूडच का, हा प्रश्न मी पहिल्यांदा नीट विचारला. उत्तर ग्रीक इतिहासकार एरियनच्या ग्रंथात होतं. नदीकाठची आणि समुद्रकाठची नगरं लाकडाची बांधतात, कारण पावसात आणि पुरात विटा टिकत नाहीत. उंचावरची नगरं विटा-मातीची असतात, असं तो मेगॅस्थिनीसच्या आधाराने लिहितो. पाटलीपुत्र गंगा आणि शोण यांच्या संगमावर, गाळाच्या जमिनीवर वसलं होतं. तिथे आसपास कातळ नाही. मगधाला दगड रचता येत नव्हता असंही नाही. जुन्या राजधानीत, राजगीरला, टेकड्यांच्या माथ्यावरून प्रचंड अनघड शिळांची भिंत आजही मैलोन्‌मैल जाते. तिच्यात चुनाही नाही. डोंगरात होते तेव्हा त्यांनी शिळा रचल्या, नदीवर आले तेव्हा खांब रोवले. आपल्या गडकऱ्यांनी सह्याद्रीत तरी वेगळं काय केलं?

पाटण्यात बुलंदी बाग इथे 1926-27च्या उत्खननात या तटाचा मोठा तुकडा उघडा पडला. सरळ रोवलेल्या जाड लाकडांच्या दोन समांतर रांगा, आणि त्यांच्या तळाशी आडवी लाकडं. ओल्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून दोन हजारांहून अधिक वर्षं ते लाकूड तगून राहिलं. कुंपणासाठी एवढी मेहनत कोणी घेत नाही.

कौटिल्याचा आक्षेप मात्र मी अजून सोडलेला नाही. महापरिनिब्बान सुत्तात हे नगर वसत असतानाच बुद्ध त्याची भरभराट सांगतो, आणि तीन संकटंही सांगतो: आग, पाणी आणि आपसातली फूट. तट बांधणाऱ्यांनी पाण्याचा विचार केला होता, शत्रूचाही केला होता. आगीपुढे त्यांचं काम उघडं होतं. तरीही आज मला कोणी गंगाकाठी मौर्यांसाठी तट सुचवायला सांगितलं, तर मी लाकडाचाच सुचवेन. आणि प्रत्येक बुरुजावर पाण्याने भरलेले रांजण ठेवायला सांगेन.