पुढची खोली

वेसाव्याच्या आमच्या जुन्या घराला हॉल नव्हता, पुढची खोली होती. तिच्यात खुर्ची एकच, आणि तिच्यावर बहुधा टोपली असायची. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होडी किनाऱ्यावर शाकारायची आणि जाळं घरात यायचं. वाशाला टांगलेलं, जमिनीभर पसरलेलं, खाऱ्या वासाचं. आजोबा पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून फाटके आस सांधत बसायचे. मासेमारी पुन्हा सुरू होईपर्यंत ती खोली जाळ्याची. आम्ही कडेकडेने चालायचो.

दार निजेपर्यंत उघडं. गल्लीतलं कोणी डोकावलं की आजी आतूनच म्हणायची, “ये गो बाय, बस.” आलेली बसायची, बोलता बोलता दुसरी सुई उचलायची. सोयरिकी तिथे जुळल्या, भावकीतली भांडणं तिथेच झाली. आजोबा गेले तेव्हा त्यांनाही तिथेच ठेवलं. जाळं गुंडाळून कोपऱ्यात सारावं लागलं.

लोक टीव्हीला दोष देतात. मला पटत नाही. 1987 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ बघायला अर्धी गल्ली आमच्याकडे दाटीने बसायची. टीव्हीने फक्त सगळ्यांची तोंडं एका दिशेला फिरवली. खोली मेली ती सोफ्याने. सोफा आला, जमीन गेली. जमीन गेली तसं जाळं किनाऱ्यावर ताडपत्रीखाली गेलं. मग दाराला लॅच बसलं.

पुढे घरावर मजले चढले, आम्ही वर गेलो. वर हॉल आहे. स्वच्छ आहे. पाहुणे फोन करून येतात. मुलं आतल्या खोलीत मोबाइल घेऊन पडलेली असतात. घरातली हळदसुद्धा आता हॉलवरच होते, म्हणजे भाड्याच्या. शब्द तोच, म्हणून फसायला होतं.

खाली पुढच्या खोलीत तीन मुलं भाड्याने राहतात. सकाळी आरामनगरला ऑडिशनच्या रांगेत, रात्री भिंतीला निळी चादर लावून एकमेकांचे व्हिडिओ काढत. आजोबांना ठेवलं होतं, तीच भिंत. परवा पाण्याचं सांगायला खाली उतरले. दार सताड उघडं. एकजण स्टोव्हपाशी होता, मान न वळवता म्हणाला, “आंटी, बैठो ना.”

सोफा त्यांच्याकडे नाही. मी जमिनीवर बसले, चहा घेतला.

करार अकरा महिन्यांचा आहे.