रिकामी खुर्ची

८ फेब्रुवारी
विज्ञान दिनाला वीस दिवस उरले. नववीच्या मुलांना विचारलं, काय करू या? "बाई, ज्वालामुखी!" खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फेस, टाळ्या. तीन वर्षं हेच चाललंय. गेल्या वर्षी पाचवीतल्या मुलीला विचारलं होतं, फेस कसा आला गं? ती म्हणाली, "जादूनं." ते अजून मनाला लागून आहे. रसायनशास्त्र शिकवायला उभी राहिले आणि शिकवली जादू.
आज आवर्त सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हचा जन्मदिवस. यंदा ज्वालामुखीऐवजी नाटक, आणि तेही त्याचंच.

११ फेब्रुवारी
पहिली तालीम. १८६९ साली माहीत असलेली मूलद्रव्यं त्रेसष्ट, आमची मुलं चौदा. गळ्यात पुठ्ठे अडकवून अणुवस्तुमानाप्रमाणे खुर्च्यांवर बसली. सारख्या गुणांचे एकामागे एक. जस्त आणि आर्सेनिक यांच्या मधल्या दोन खुर्च्या मी मोकळ्या ठेवल्या.
"बाई, इथले दोघं गैरहजर आहेत का?"
"नाही रे. अजून सापडलेलेच नाहीत."
वर्ग एकदम गप्प झाला. नाटक इथेच आहे, हे मला त्या क्षणी कळलं. ॲल्युमिनिअमच्या मागच्या रिकाम्या जागेला मेंडेलीव्हनं 'एका-ॲल्युमिनिअम' म्हटलं, आणि त्यातला 'एका' म्हणजे संस्कृतातला 'एक', हे सांगितल्यावर मुलं खुर्चीकडे घरचं माणूस यायचं असल्यासारखी बघायला लागली.

१६ फेब्रुवारी
संहिता फसली होती. सगळी माहिती मी मेंडेलीव्हच्या तोंडी घातली होती आणि तो बिचारा धडा म्हणत होता. दोन पानं काढून टाकली. आता खरा प्रवेश भांडणाचा. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ब्वाबोद्राँला जस्ताच्या खनिजात नवा धातू सापडतो, गॅलिअम. तो घनता मोजतो: ४.७. मेंडेलीव्हनं तो धातू डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही, तरी रशियातून कळवतो की ती ५.९ च्या आसपास हवी, शुद्ध करून पुन्हा मोजा.
"न बघता कसं सांगतो, बाई?" ब्वाबोद्राँ झालेली मुलगी खरोखरच चिडली होती. तिला तसंच चिडून बोलायला सांगितलं.

१९ फेब्रुवारी
आज तालीम झालीच नाही आणि मला त्याचा आनंद आहे. मोजण्याचा अभिनय जमेना म्हणून प्रयोगशाळेतून तराजू आणि मोजपात्र आणलं. ॲल्युमिनिअमच्या तुकड्याची घनता आली २.४. पुस्तकात २.७. घनतेची व्याख्या सगळ्यांना पाठ, पण आकडा चुकतो कसा हे कुणालाच सांगता येईना. शेवटी एकानं पाण्यात वाकून पाहिलं. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले. म्हणून आकारमान जास्त भरलं, घनता कमी आली. बुडबुडे झटकून पुन्हा मोजलं, २.७. "पुन्हा मोजा" हे वाक्य त्यानंतर कुणाला शिकवावं लागलं नाही.

२५ फेब्रुवारी
गॅलिअम सुमारे तीस अंशांना, म्हणजे तळहातावरच वितळतं. शाळेत गॅलिअम कुठलं! एक मुलगी म्हणाली, "म्हणजे थंडीतल्या तुपासारखं." हे वाक्य जसंच्या तसं नाटकात घेतलं.

२८ फेब्रुवारी
प्रयोग झाला. गॅलिअमच्या वर्णपटातल्या दोन जांभळ्या रेषांसाठी दोघी जांभळ्या ओढण्या ताणून रंगमंचावरून गेल्या. मग पुन्हा मोजणी. "पाच पूर्णांक नऊ!" आणि गॅलिअम चालत येऊन आपल्या खुर्चीवर बसलं. फेस नाही, धूर नाही, तरी सभागृह टाळ्यांनी भरून गेलं.
शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच ठेवली होती. पडदा पडल्यावर पाचवीतला एक मुलगा रंगमंचावर चढून आला. "बाई, इथे कोण?" मी सांगितलं नाही.

१ मार्च
तो सकाळी प्रार्थनेच्या आधीच दारात उभा होता. वहीच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून आणलं होतं: जर्मेनिअम, १८८६, विंकलर.