हजेरीपटावरील नाव

‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ हा शब्द आमच्या कानी पडला तेव्हा आमच्या नोकरीची वीस वर्षे सरली होती. आदिलाबादच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात आम्ही हजेरी-कारकून होतो. माणसे कामावर घेणे, त्यांची हजेरी मांडणे, पगार वाटणे, गाऱ्हाणे आले की ते मालकांच्या कानी घालणे किंवा न घालणे, हे सारे आमच्याच टेबलावर चाले. पुढे मुलाची अभ्यासाची पुस्तके चाळताना कळले की या कामाचे मोठे शास्त्र आहे. निवड, प्रशिक्षण, मूल्यमापन, वेतन, तक्रार-निवारण अशी त्याची प्रकरणे आहेत. पुस्तके चांगली होती. मात्र आमच्या हातून जी चूक घडली होती, तिचे प्रकरण आम्हांस त्यांत आढळले नाही.

दिवाळी उलटली की कापसाच्या गाड्या येऊ लागत आणि कारखान्यास माणसांची निकड भासे. तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी अशा चार भाषा एकाच फाटकातून आत येत. हजेरीपट इंग्रजी अक्षरांत असे; परंतु तो लिहिला जाई मराठी कानाने. तेलुगू माणूस घराण्याचे नाव आधी सांगतो. आम्ही ते शेवटी ढकलीत असू आणि मध्ये बापाचे नाव घालीत असू. पोशय्याचा पोशा होई. गोंड कामगाराने ‘कनका’ म्हटले की आम्ही ‘कनाके’ लिहीत असू, ‘कुमरम’ म्हटले की ‘कुमरे’. यात दुष्टावा नव्हता. आमचे आजोबा यवतमाळकडून आलेले; तिकडे याच कुळांची नावे तशीच लिहितात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके मुंबई राज्यात गेले, एकाच कुळाची माणसे दोन राज्यांत विभागली आणि त्यांच्या नावांनाही दोन वळणे पडली. आम्हांस मात्र आपल्या घरचे वळण तेवढे शुद्ध वाटे.

आमच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी एक गोंड बाई दारी आली. तिच्या नवऱ्याने आमच्या हाताखाली एकोणीस हंगाम गठाणी उचलल्या होत्या. तो वारला होता, आणि भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात तिचा विधवा-निवृत्तिवेतनाचा अर्ज अडला होता. कायद्याची बाजू तिच्याकडे होती. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत हंगामी कारखान्यातील एका हंगामाचे काम पूर्ण वर्षाची सेवा म्हणून धरले जाते. अडले होते ते नावापाशी. आधार पत्रावर ‘कनका’ आणि कारखान्याच्या कागदांत ‘कनाके’. त्याचे स्वतःचे नावही आम्ही आखूड केलेले. जुन्या काळी असा फरक कुणी पाहून न पाहिल्यासारखा केला असता. आता खाते आधारशी जुळावे लागते, आणि यंत्र अक्षराची गय करीत नाही.

बाईने आमच्यावर आवाज चढविला नाही. कागद ओट्यावर ठेवून तिने एवढेच विचारले, “नाव तुम्हीच लिवलं होतं ना, साहेब?”

आम्ही ‘होय’ म्हणालो. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. एकोणीस वर्षे आम्ही त्या माणसाची रोज हजेरी मांडली. त्याचे खाडे आम्हांस तोंडपाठ होते. त्याचे नाव तेवढे आम्ही कधी विचारून घेतले नव्हते.

आपल्याच भूमीत याच्या उलट एक उदाहरण घडून गेले आहे, याची तेव्हा आठवण झाली. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम यांना वीरमरण आले. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्याकडून गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करविला. ते मार्लवाईस राहिले. हे गाव आज कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. गोंडांची भाषा न जाणणारा नोकरवर्ग त्यांच्यावर नेमलेला, हे त्यांच्या दुःखाचे एक कारण होते. म्हणून १९४३ पासून मार्लवाईच्या केंद्रात गोंड तरुणांनाच निवडून शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. त्यांच्यासाठी गोंडी वाचनाची पुस्तके निघाली, तीही देवनागरी लिपीत. जी लिपी आमच्या हातात होती, तीच तेथे गोंडांची बोली जशीच्या तशी टिपण्यासाठी वापरली गेली. कुणास घ्यावे, कसे शिकवावे आणि कोणाच्या भाषेत बोलावे, हे व्यवस्थापनाचे कळीचे प्रश्न त्या लहानशा गावी त्या शब्दावाचून विचारले गेले होते.

आपणां जुन्या मराठी घराण्यांस या जिल्ह्यात लेखणीने मान दिला. पटवारी, शिक्षक, मुनीम, कारकून म्हणून आपल्या वाडवडिलांनी येथे पोट भरले आणि प्रामाणिकपणेही काम केले. परंतु लिहिणारा एका बाजूस आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते तो दुसऱ्या बाजूस असला, की प्रामाणिकपणा पुरत नाही. लिहिलेले त्याला वाचून दाखवावे लागते. आम्ही ते केले नाही, कारण फाटकावर रांग मोठी असे आणि तो प्रश्न विचारील असे आम्हांस वाटलेच नव्हते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कारखान्याचे मालक बदलले होते. नाव-दुरुस्तीच्या कागदावर सही देण्यास नवे मालक कचरत होते. आम्ही जुनी पगारपत्रके शोधून काढली, ‘हे हस्ताक्षर आमचे, ही चूक आमची’ असे प्रतिज्ञापत्र करून दिले आणि बाईबरोबर कार्यालयाच्या पायऱ्या झिजविल्या. दीड वर्षाने निवृत्तिवेतन सुरू झाले. २०१४ पासून ठरलेली किमान रक्कम, महिना १००० रुपये, तिच्या वाट्यास आली. एकोणीस हंगामांच्या मानाने ती काय, हे वाचकांनीच ठरवावे.

मुलगा आता हैदराबादेस एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. नव्या माणसास पहिल्या दिवशी काय विचारावे, असे त्याने एकदा सहज विचारले. आम्ही सांगितले, ‘बाबा, आधी त्याचे नाव विचार. तू ते लिहिल्यावर त्यालाच वाचायला दे. वाचता येत नसेल, तर तू मोठ्याने वाच आणि तो मान हलवीपर्यंत थांब.’