घाव कुणाचा, गोष्ट कुणाची

डिचोली,
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. बाबू यास,


फोनवर तू तीनदा विचारलंस, "मामा, बिल्ला खरा की खोटा?" पत्र्यावर पाऊस फार वाजतोय, नंतर बोलू, असं म्हणून मी टाळलं. पाऊस वाजत होताच. पण तुझ्या प्रश्नाला उत्तरं दोन आहेत, आणि पहिलं ऐकून तू फोन ठेवला असतास. म्हणून लिहितो. तू माझ्याकडे ठेवलेला बिल्ला खरा आहे. त्याच्यासोबत तुला विकलेली गोष्ट मात्र खरी नाही.

हरमलच्या किनाऱ्यावरच्या त्या दुकानदाराने तुला काय सांगितलं ते आठव. मुरगावात जळालेल्या एरेनफेल्स बोटीवरचा एक खलाशी पोहून निसटला, पेडण्यात लपला आणि ज्याने त्याला जेवू घातलं त्याच्याकडे हा बिल्ला ठेवून गेला. तुझे डोळे तेव्हा कसे लकाकले असतील ते मला इथे बसून दिसतं. तू पैसे बिल्ल्याचे थोडे आणि गोष्टीचे जास्त मोजलेस.

गोष्टीचं मूळ खरं आहे, तीच तर गोम. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या तीन जर्मन मालवाहू बोटी मुरगाव बंदरात आसऱ्याला आल्या. तिन्ही हान्सा कंपनीच्या, म्हणजे तू राहतोस त्या ब्रेमेनच्याच. शेजारी एक इटालियन बोटही होती. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे गोव्यात त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. एरेनफेल्सवरच्या चोरट्या ट्रान्समीटरवरून पाणबुड्यांना आपल्या जहाजांच्या बातम्या पोचतात, असा ब्रिटिशांचा समज झाला. तटस्थ बंदरात उघड फौज धाडता येईना. मग त्यांनी कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातली माणसं गाठली. ऑफिसात बसणारी, सुटीला पोलो खेळणारी, बरीचशी पोट सुटलेली मंडळी. फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून ती कोचीनहून निघाली आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगावात शिरली. एरेनफेल्सवर ती चढली. कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. उरलेल्या बोटी त्यांच्या खलाशांनीच पेटवून बुडवल्या. पुढे १९७८ मध्ये जेम्स लीसर यांचं 'बोर्डिंग पार्टी' हे पुस्तक आलं आणि १९८० मध्ये त्यावरचा 'द सी वुल्व्ज' हा सिनेमा. ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन त्यात होते, चित्रीकरणासाठी ते गोव्यातही येऊन गेले. तेव्हापासून गोव्यात जर्मन वस्तू विकणाऱ्याला गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही.

आता बिल्ला काय सांगतो ते बघ. तू घेतलास तो जखमी सैनिकाला मिळणारा बिल्ला. कैसर दुसऱ्या विल्हेल्मने तो ३ मार्च १९१८ रोजी सुरू केला. एकदा किंवा दोनदा जखमी झालेल्याला काळा, तीन-चार वेळा झालेल्याला रुपेरी, पाच किंवा त्याहून जास्त वेळा झालेल्याला पिवळा. तुझा काळा आहे. मुरगावच्या त्या बोटी मालवाहू होत्या, त्यांवरचे लोक व्यापारी खलाशी. त्यांच्यातला एखादा प्रौढ माणूस तरुणपणी पहिल्या महायुद्धात खंदकात लढला असेल, आणि तो बिल्ला त्याने पंचवीस वर्षं खिशात बाळगला असेल, हे अशक्य नाही. पण अशक्य नसणं आणि घडलेलं असणं यांच्या मधली जागा भरायला कागद लागतो. बिल्ला देताना त्याचं प्रमाणपत्र देत असत, त्यावर माणसाचं नाव आणि पलटण असे. तो कागद सोबत असता तर बिल्ल्याला माणूस मिळाला असता. तो नाही. बिल्ल्यावर नावही कोरलेलं नाही. या धंद्यात मुरलेले लोक सांगतात, वस्तू घे, गोष्ट घेऊ नकोस. तू नेमकं उलट केलंस. मीही पहिली दहा वर्षं तेच करत होतो, म्हणून रागावत नाही.

मग खरा कशावरून? इथे मला डिचोलीचा उपयोग झाला. आपल्याकडे समया ओततात, ते लहानपणी तू भट्टीसमोर उभा राहून पाहिलं आहेस. तो बिल्ला घेऊन मी ओळखीच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. हे काय आहे, कुठलं आहे, काही सांगितलं नाही. त्याने तो उलटा केला, नखाने कडेवरून फिरवला आणि म्हणाला, "हें ओतप न्हय, ठोकप." ओतलेलं नाही, ठोकलेलं आहे. त्याला जर्मनीही माहीत नाही, कैसरही नाही. पण ओतलेली धातू निवताना आकसते, तिच्यावर बारीक भोकं राहतात, कोपरे मऊ पडतात आणि साच्याच्या जोडाची शीर राहते. ठप्प्याखाली दाबलेल्या पत्र्यात यातलं काही नसतं. नकली बिल्ला करणारा बहुतेक वेळा अस्सल बिल्ल्याचाच साचा घेतो आणि त्यात ओततो. त्यामुळे नक्कल मुळापेक्षा केसभर लहान निघते. व्हर्नियर लावून मोजली की उघडी पडते.

तुझा बिल्ला पातळ लोखंडी पत्र्याचा आहे. पुढून फुगीर, मागून तितकाच पोकळ. मधे शिरस्त्राण, त्यामागे एकमेकांवरून गेलेल्या दोन तलवारी, भोवती पानांची माळ. भिंग लावलं की शिरस्त्राणाच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे छोटे उंचवटे दिसतात. पहिल्या महायुद्धातल्या पोलादी शिरस्त्राणाची ती खूण. नाझींच्या काळात तयार झालेल्या बिल्ल्यावर त्यांचं चिन्ह आलं, पुढे शिरस्त्राणाचा आकारही बदलला. म्हणून 'चिन्ह नाही, म्हणजे पहिल्या युद्धातला' असा हिशेब कधी मांडू नकोस. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून जुनी युद्धपदकं नाझी चिन्ह काढून वापरायला परवानगी दिली, आणि तसे नवे बिल्ले बनले. ते प्रामाणिकपणे बनलेले आहेत, पण १९१८ चे नव्हेत. हे ओळखायचं ते शिंगांवरून.

रंग उडालेला कुठे आहे तेही बघितलं. शिरस्त्राणाचा माथा आणि माळेची वरची पानं, म्हणजे कोटावर घासणारी टोकं, उघडी पडून तपकिरी झाली आहेत. तलवारींमधल्या खाचेत मूळ काळा रंग शाबूत आहे. नक्कल जुनी दिसावी म्हणून चहात बुडवतात, ॲसिड लावतात, चिखलात पुरतात. तसं केलं की उंच-सखल सगळीकडे सारखाच काळोख येतो. वापर मात्र उंचावरच होतो. मागच्या टाचणीची बिजागरीही एका बाजूला झिजली आहे. लोहचुंबक लावलं, लगेच चिकटलं. चुंबकाने फक्त लोखंड आहे इतकंच सिद्ध होतं, वय नाही. तेव्हा कुठलीही एक खूण धरून निकाल देऊ नये. पाच खुणा एकच बोलू लागल्या की मग मान हलवायची.

आता जपणुकीचं. इथे मला माझं पाप सांगावं लागेल. तुझ्या जन्माच्या आधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला १९१४ चा एक लोखंडी क्रॉस मिळाला होता. लोखंडाचा काळा गाभा, भोवती चांदीची चौकट. चवथ जवळ आली होती. तुझी आजी देवघरातली भांडी चिंचेने घासत होती. तिच्या शेजारी बसून मीही माझा क्रॉस चिंचेने घासला. चांदी चकचकीत झाली. गाभ्यावरचा काळा थर मात्र चिंचेसोबत वाहून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर गंजाचे नारिंगी ठिपके आले. ऐंशी वर्षं जे टिकलं ते मी एका संध्याकाळी घालवलं. देवाची समई उजळायचीच असते, ती रोज पेटते. बिल्ल्यावरचा मळ आणि रंग हा त्याचा दाखला असतो. तो पुसला की आपण साक्षीदाराचीच जीभ कापली.

म्हणून तुझ्या बिल्ल्याला मी काही लावलेलं नाही. मऊ ब्रशने धूळ झटकली, एवढंच. घाम लागू नये म्हणून कडेने धरतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात उघड्यावर ठेवलेल्या मिठाला पाणी सुटतं, तशा हवेत लोखंड टिकत नाही. तो न रंगवलेल्या सुती मलमलीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या पॉलिथीन डब्यात ठेवला आहे, सोबत सिलिका जेलची पुडी. पुडीचा रंग बदलला की ती तव्यावर मंद आचेवर सुकवतो. मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये कधी ठेवू नकोस. त्या प्लास्टिकमधून आम्ल सुटतं आणि पितळेवर हिरवा चिकट थर येतो. लाकडी पेटी दिसते छान, पण बंद लाकडातूनही आम्लाची वाफ सुटते. रबर बँड तर चांदीचा शत्रू, त्यातला गंधक तिला काळी करतो. कापडी बिल्ले घेशील तेव्हा अतिनील दिवा वापर. युद्धानंतरचे कृत्रिम धागे त्याखाली चकाकतात. पण कुणी अस्सल कापड साबणाच्या पावडरीत धुतलं असेल तर तेही चकाकतं, हे विसरू नकोस.

तू म्हणतोस, लगेच पोस्टाने पाठव. नाही पाठवणार. आपल्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि सरकार किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेखेरीज कुणालाही पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. बिल्ला खरा ठरला, म्हणजे त्याने शंभरी ओलांडली. खरेपणाचा हा दंडच समज. जुन्या गोव्यात पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथे विचारून काय ते कळवतो.

आणि एक सांगायचं राहिलं. पुढे तू नाझी काळातले बिल्ले घ्यायला लागशील, हे मला दिसतं. जर्मनीत ते चिन्ह लोकांसमोर मिरवणं हा गुन्हा आहे, तो कायदा तू मुळातून वाच. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक वेगळं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्याच्या घरची माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली, त्याला हे समजावत बसायचा हक्क आपल्याला नाही. अभ्यासाला घ्यायचं तर घे, दिवाणखान्यात टांगू नकोस.

जाता जाता एक गंमत सांगतो. त्या रात्री एरेनफेल्सवर चढलेल्या लाइट हॉर्सच्या लोकांना पदक मिळालं नाही. तटस्थ बंदरातली चढाई सरकारला कबूल करता येणार नव्हती. म्हणजे मुरगावात घटना घडली आणि तिचा बिल्ला नाही. हरमलला बिल्ला आहे आणि त्याची घटना कुणाला माहीत नाही. मधे उभा राहून दुकानदाराने दोन्हींची गाठ मारली, झालं.

त्या बिल्ल्याला तशी उसनी गोष्ट लागतच नव्हती. कुठल्या तरी खंदकात कुणाच्या तरी अंगात लोखंड घुसलं, त्याबद्दल त्याला हे लोखंड मिळालं. डब्यात ठेवायची चिठ्ठी मी काल लिहिली: 'जखमी सैनिकाचा बिल्ला, काळा, १९१८ चा नमुना, लोखंडी पत्रा. हरमल येथे मे महिन्यात घेतला.' खाली दुसरी ओळ: 'एरेनफेल्सच्या खलाशाचा, असं विकणाऱ्याने सांगितलं.' ऐकीव ते ऐकीव म्हणूनच लिहायचं, टाकून द्यायचं नाही. तिसऱ्या ओळीवर 'मूळ मालक' असं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली. तू किती रुपये मोजलेस तेवढं खरं कळव, म्हणजे तेही नोंदवतो. तुझ्या मामीला सांगणार नाही.

तुझा,
मामा