फाईल हातात आली, पुढे?

डिस्चार्ज मिळतो त्या दिवशी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, 'आलो बरं का घरी' असं दहा ठिकाणी कळवलं जातं आणि पेशंटच्या हातात जाडजूड फाईल येते. फाईलमध्ये रिपोर्ट असतात, गोळ्यांचं वेळापत्रक असतं, पुढच्या तपासणीची तारीख असते. सकाळी दहा वाजता घरात जे होतं, त्याचं काय करायचं ते मात्र त्यात नसतं.

दहा वाजता काय होतं? कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते. सिलिंडरवाला दारात उभा असतो आणि त्याला मोबाईलवर आलेला ओटीपी हवा असतो. नाश्त्यानंतरची गोळी घेतली की राहिली, आठवत नसतं. तेवढ्यात आतेबहिणीचा फोन: "आता एकदम ठणठणीत ना गं?" आजारापूर्वी या चारही गोष्टी हातासरशी उरकणारी बाई ओट्याशी उभ्या उभ्या रडू लागते. घरचे घाबरून विचारतात, कुठे दुखतंय का? दुखत कुठेच नसतं.

याला मन खचलं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. दवाखान्यात जेवण कधी, बीपी कधी, दिवा कधी मालवायचा, सगळं दुसरं कुणीतरी ठरवत असतं. घरी पाऊल टाकलं की ते सगळे निर्णय एकगठ्ठा परत येतात, आणि तेही दंडापोटऱ्यांतलं मांस झडलेलं असताना, झोप उडालेली असताना. अतिदक्षता विभागातून वाचलेल्या अनेकांना पुढे कित्येक महिने अशक्तपणा, विसराळूपणा, लक्ष न लागणं, धास्ती आणि उदासी सोसावी लागते, हे डॉक्टरांना दिसत होतंच. 2010 साली अमेरिकेतल्या एका परिषदेत या सगळ्याला मिळून 'पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' असं नाव दिलं गेलं. त्यात पेशंटइतकाच घरच्यांच्या ताणाचाही विचार झाला, हे बरं झालं. बाकड्यावर रात्री काढलेला मुलगाही या काळात क्षुल्लक कारणावरून भडकतो.

फिट्झह्यू मलन हे अमेरिकन डॉक्टर. 1975 मध्ये, ऐन तिशीत, त्यांच्या छातीत कॅन्सर निघाला. दहा वर्षांनी त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या अनुभवावर लेख लिहिला. त्यांची तक्रार अशी, की वैद्यकशास्त्र बुडणाऱ्याला कसब लावून बाहेर काढतं आणि मग काठावर तसंच ओलं सोडून देतं. उपचार संपणं आणि बरं होणं यांच्या मधला एक लांबलचक काळ त्यांनी वेगळा काढून दाखवला. युवराज सिंगलाही छातीतलाच कॅन्सर झाला होता. सप्टेंबर 2012 मध्ये तो चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध मैदानात उतरला, ते सगळ्यांनी टाळ्या वाजवत पाहिलं. आपल्याला पुनरागमन आवडतं. मधले महिने कुणी पाहत नाही, आणि 'योद्धा' म्हणून गौरवलेल्या माणसाला मग 'आज आंघोळसुद्धा झेपली नाही' हे सांगायचीही चोरी होते.

आंघोळीचं उदाहरण गमतीनं घेतलेलं नाही. उभं राहणं, वाकणं, हात डोक्यावर नेणं, तांब्या उचलणं आणि वर गरम पाण्याची वाफ: अशक्त शरीराला हे मोठंच काम. ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशाच कामांची फोड करतात. प्लास्टिकचं स्टूल घ्या, बसून आंघोळ करा, केस धुण्याचा दिवस वेगळा ठेवा, आंघोळीनंतर लगेच स्वयंपाकाला लागू नका. भाजी टेबलाशी बसून चिरा. गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवा, म्हणजे घेतली की राहिली हा प्रश्नच उरत नाही. मुख्य म्हणजे थकण्याआधी थांबा. हे शेवटचं सर्वांत अवघड. एखादी सकाळ बरी उजाडते, माणूस उत्साहानं माळा आवरायला काढतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतो.

ही विद्या मुंबईला तशी जुनी. कमलाताई निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झालेल्या. त्यांनी 1950 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. तरीही आज बायपास झालेल्या किती जणांना डिस्चार्जच्या वेळी कुणी विचारतं, की तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, घरी स्वयंपाक कोण करतं? हृदयाचा आलेख फाईलमध्ये असतो, जिन्याच्या पायऱ्या नसतात.

आजारानंतरच्या या मधल्या काळाबद्दल बोलताना गायक कुमार गंधर्वांचं नाव निघतंच. क्षयामुळे ते 1948 च्या सुरुवातीला देवासला गेले आणि 1953 मध्ये पुन्हा मैफलीत गायले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. त्यांच्या गाण्यातल्या छोट्या, झपकन येणाऱ्या स्वरवाक्यांचा या श्वासाशी किती संबंध, यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा. सामान्य माणसानं त्यांच्या प्रतिभेकडे पाहून दडपून जाण्यापेक्षा त्या मधल्या पाच वर्षांकडे पाहावं. खाटेवर पडून माळव्याची लोकगीतं ऐकण्याचा तो काळ. गाण्याची घाई नव्हती, आणि घर त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी सांभाळलं होतं.

घर सांभाळणारं कुणी असणं, इथेच सगळं येऊन अडतं. शेजारीपाजारी वाईट नसतात. भेटायला येतात, शहाळं आणतात, निघताना दारात म्हणतात, "काही लागलं तर सांगा हं, संकोच करू नका." पण काय लागेल, ते कुणाला सांगावं, केव्हा सांगावं, हा हिशेब पुन्हा आजाऱ्याच्याच डोक्यावर येतो, आणि बहुतेक जण तो न मांडता गप्प बसतात. त्यापेक्षा खालच्या मजल्यावरच्या काकू बऱ्या. त्या विचारत नाहीत. "उद्या मी गिरणीत जातेय, तुमचा गव्हाचा डबा दाराबाहेर ठेवा," एवढं सांगून जिना उतरायला लागतात.